चोथ्याची किंमत

बँकेत असताना म्हशींच्या कर्जाचे कितीतरी अर्ज माझ्या सहीने मंजूर झाले. जनावराची किंमत, विमा, गोठ्याचा खर्च, सारे चोख भरलेले असे. वैरणीच्या रकान्यात मात्र दोनच शब्द : ‘घरचा कडबा’. पुढे हप्ते थकले की चौकशीला जावे, तर उत्तर ठरलेले. ‘साहेब, व्याल्यावर वार अडकली, मग कासदाह झाला. दूधच गेलं.’ मी ते नशिबाच्या खात्यावर टाकून परत येई. थकबाकीचे एक कारण त्या दोन शब्दांतच असू शकते, हे फार उशिरा उमगले.

विण्याच्या सुमारास जनावराच्या शरीराची मोठी ओढाताण होते. पेशींमधले ऑक्सिडेशन वाढते आणि त्यातून निपजणारी उपद्रवी द्रव्ये पेशींनाच इजा करतात. त्यांना आवर घालणारी ती अँटिऑक्सिडंट. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची उणीव असली, तर वार अडकणे आणि कासदाह यांचा धोका वाढतो. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते. उन्हात वाळलेल्या कडब्यात फारच थोडे उरते. म्हणजे दावण भरलेली, पण जनावर आतून उपाशी!

आता दुसरे चित्र पाहा. नाशिक भागात वाइनचे कारखाने उभे राहिले. द्राक्षाचा रस निघाला की साली-बियांचा चोथा उरतो, वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा. सोलापूरकडच्या डाळिंबाचा रस काढला की सालींचा ढीग. या दोन्हींत पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्ये विपुल असतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात दुभत्या गाईंना द्राक्षाचा चोथा घातला, तेव्हा त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन वायूही सुमारे २० टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

पण म्हणून उद्याच ट्रॉली भरून चोथा आणू नये. त्यातले टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. प्रमाण चुकले की पचन बिघडते, दूध उतरते. ओला चोथा लगेच बुरसतो. तो वाळवावा तरी लागतो, नाहीतर मुरघासासारखा हवाबंद ठेवावा लागतो. शिवाय द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातले तांबे मेंढीला फार लवकर बाधते. फवारणीचे अंश तपासल्याशिवाय दावणीत काहीच पडता कामा नये. आणि हिरवा चारा व क्षार मिश्रण यांची जागा चोथा घेऊ शकत नाही. तो त्यांच्या जोडीला.

हे वाळवणे, तपासणे दोन म्हशींच्या मालकाला एकट्याने झेपणारे नाही. दूध संघांनी आणि कारखान्यांनी मिळून ते केले पाहिजे, बँकांनी त्याला कर्ज दिले पाहिजे. नाहीतर आज फुकट पडलेला चोथा उद्या पोत्यात भरून, पेंडीच्या भावाने त्याच शेतकऱ्याला विकला जाईल.

आज पुन्हा तो अर्ज समोर आला, तर जनावराच्या किमतीआधी मी वैरणीचा रकाना वाचीन. ‘घरचा कडबा’ एवढेच असेल, तर सही करण्यापूर्वी अर्जदाराला बसायला खुर्ची देईन आणि विचारीन, ‘आणि हिरवं काय घालता?’