सरासरीत न मावणारा आवाज

विमानवाहू जहाजावर उतरणारा वैमानिक शेवटच्या क्षणी नाक उचलून अलगद टेकत नाही. ठरलेल्या उतारानेच येतो, चाके आपटतो आणि आपटताक्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो; विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकला नाही तर पुन्हा उडता आले पाहिजे. ही सवय हाडीमाशी मुरावी म्हणून अमेरिकी नौदल मुख्य तळांपासून दूर सहायक धावपट्ट्या राखून आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावरची कूपव्हिलची धावपट्टी त्यातलीच, दुसऱ्या महायुद्धातली, जेमतेम ५,४०० फुटांची. भोवती शेते आणि जंगल. त्यामुळे रात्री वैमानिकाला जवळपास समुद्रावरचाच काळोख मिळतो. धावपट्टीच्या कडेला लँडिंग सिग्नल ऑफिसर रेडिओ घेऊन उभा असतो. नौदलाची ग्राउलर जेट विमाने एकामागोमाग टेकतात, उडतात, वळसा घेऊन परत येतात आणि प्रत्येक फेरीला तो शेरा देतो. सिम्युलेटरने हे पूर्णपणे भागेल असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण तिथल्या रहिवाशांचे गाऱ्हाणेही खोटे नाही. नौदलाने आवाजाचा मुख्य हिशेब मांडला तो वर्षभराच्या सरासरीने. सराव मात्र सत्रांनी होतो: काही दिवस शुकशुकाट, मग एखाद्या रात्री तासन् तास गडगडाट. सरासरी काढली की शांत दिवस त्या रात्रीचा आवाज गिळून टाकतात. २०१९ मध्ये कूपव्हिलचा सराव सुमारे चौपट करायचे ठरले. प्रकरण कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने पर्यावरण अभ्यास अपुरा ठरवला. मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम नीट तपासला नाही, हा त्यातला एक ठपका.

आपल्याकडे गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर जहाजाच्या डेकची किनाऱ्यावरची प्रतिकृती आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलाचे तेजस प्रथम तिथेच तारेला अडकून थांबले आणि पुढच्या जानेवारीत आयएनएस विक्रमादित्यवर उतरले. दाबोळीत नौदलाचा सराव आणि प्रवासी विमाने एकाच तळावर वेळ वाटून घेतात. उद्या आपण स्वतंत्र सहायक धावपट्टीची मागणी केली, आणि ती करायलाच हवी, तर जागा शोधतानाच तिथला आवाज प्रत्यक्ष मोजावा. अहवालात वार्षिक सरासरीशेजारी प्रत्येक सत्राचा कमाल आवाज आणि सत्राची लांबी छापावी. व्हिडबीवर सरावाचे साप्ताहिक वेळापत्रक आधी जाहीर होते. तेवढे तर पहिल्या दिवसापासून करता येईल.