खांदा बसला, पण बरा झाला का?

कबड्डीशी अमरावतीचे नाते जुने आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले होते. आजही रिद्धपूरच्या आसपास गावोगावी सामने रंगतात आणि पकडीत हात मागे ओढला गेला की एखाद्याचा खांदा निखळतो. मग कोणी जाणता हिसका देऊन तो बसवतो, कळ थांबते आणि पोरगा लगेच मैदानात उतरतो. माझे स्पष्ट मत असे की, सांधा बसणे म्हणजे खांदा बरा होणे नव्हे.

मुळात हिसका देणेच घातक. शेजारचे हाड मोडलेले असू शकते, नस दबलेली असू शकते. म्हणून डॉक्टर आधी मनगटाची नाडी पाहतात, खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का ते विचारतात आणि एक्स-रे काढून मगच सांधा बसवतात.

खांद्याची वाटी उथळ असते. निखळताना तिची कड बहुधा फाटते. विशीच्या आतील खेळाडूंचा खांदा म्हणूनच पुन्हा पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर मात्र हात उचलणारे स्नायुबंध तुटल्याची शंका घ्यावी लागते.

सांधा किती सैल राहिला, हे काही आठवड्यांनी, दुखणे ओसरल्यावर हाताने तपासता येते. रुग्णाला उताणे झोपवून, कोपर वाकवून, हात काटकोनात बाजूला घेतात आणि हळूहळू मागे वळवतात. आता खांदा निसटणार, या भीतीने रुग्ण हात आखडून घेतो. येथे दुखण्यापेक्षा भीती महत्त्वाची. मग डॉक्टर खांदा पुढून तळव्याने दाबून धरतात. भीती गेली तर सांधा पुढच्या बाजूला सैल आहे, ही शंका बळावते. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात. एमआरआय लागेल, पण तो या तपासणीनंतर. मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

तेव्हा वाचकहो, खांदा बसल्यावर झोळी सांगितलेले दिवस ठेवा, व्यायाम शिकून घ्या आणि मैदानात परतण्यापूर्वी ही तपासणी मागून घ्या. वारंवार निखळणारा खांदा शस्त्रक्रियेने स्थिर करता येतो. प्रत्येक वेळी निखळताना वाटी आणखी झिजते. म्हणून उशीर करू नये.