कपाटाची किल्ली कोणाकडे?

वृद्धाश्रमात कोणाला चुकीची गोळी दिली गेली की दोष आधीच ठरलेला असतो : 'बाईचा निष्काळजीपणा'. तिला कामावरून काढले की व्यवस्थापनाची सदसद्विवेकबुद्धी शांत होते. ती किती जणांना, किती तासांच्या पाळीनंतर आणि कोणत्या शिक्षणाच्या बळावर औषधे देत होती, हे विचारण्याची तसदी कोण घेतो?

चिठ्ठीवरचे औषध विकताना दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, असा कायदा आहे. त्याच गोळ्या आश्रमाच्या दारातून आत गेल्या की कायद्याची नजर दुसरीकडे वळते. कितीतरी ठिकाणी पट्ट्या कात्रीने कापून डब्यात टाकतात. औषधाचे नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. त्यात दानशूरांनी आणून दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्यांची भर. (दानाची मुदत विचारणे असभ्यच!) न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते आणि गोठले तर फेकावे लागते, ते भाजीच्या फ्रिजमध्ये बर्फाला टेकून पडलेले असते. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज दिले गेले तर रक्तपेशींची निर्मिती खुंटून जीव जाऊ शकतो. हा भेद कंत्राटी मदतनीस बाईने डॉक्टरांच्या अक्षरातून ओळखायचा!

आणि झोपेची गोळी? रात्रपाळीला दुसरी बाई नेमण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. उघड्या कपाटामागचा हा हिशेब समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

कुलूप आणि नोंदवही आवश्यकच. पण तेवढ्याने भागत नाही. इंग्लंडमधील 55 निवासगृहांतल्या 256 रहिवाशांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. दहांपैकी सुमारे सात जणांच्या औषधांत एक तरी चूक सापडली. कारणांत कामाचा बोजा, औषधे वाटताना येणारे व्यत्यय आणि प्रशिक्षणाचा अभाव होता. म्हणजे प्रश्न माणसे नेमण्याचा आहे, वेतनाचा आहे.

येथे मात्र 2007 च्या कायद्याने जिल्ह्यास किमान एक, 150 निराधार वृद्धांचा आश्रम राज्य सरकार 'स्थापू शकेल' एवढेच म्हटले. 'स्थापील' नव्हे! वैद्यकीय सेवेचा दर्जा ठरविण्याचे कामही असेच मर्जीवर सोडले.

कार्यकर्त्यांनी आश्रमात फळे वाटायला जरूर जावे. पण येताना कपाटाची किल्ली कोणाकडे असते, रात्री किती जणी कामावर असतात आणि त्यांना किमान वेतन मिळते काय, हे विचारून यावे. उत्तर मिळाले नाही तर तोच प्रश्न घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जावे.