गोळी त्याची, वारी तिची

कळमनुरीहून हिंगोलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती मला कधीमधी भेटते. पिशवीत डबा आणि फडक्यात गुंडाळलेलं एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक. एक नाही, दोन. एक तिचं, एक नवऱ्याचं.

"मालक कुठायत?" मी विचारलं.

"रातभर जाळ्यावर व्हते ताई. आता निजलेत. अन् मला अर्धं तिकीट हाय, त्यायला पुरं पडतं."

इसापूर धरणाच्या पाण्यावर पोट असलेलं हे घर. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. मासळी कमी झाली की नवरा परमुलखात कामाला जातो. तिथे सोबत्यांच्या देखत गोळी घ्यायची लाज वाटते. सोबत नेलेल्या गोळ्या संपल्या की खाडा होतो, आणि माणूस वाळून, खोकत घरी येतो. हिचा मात्र एक दिवस चुकत नाही.

तिची तपासणी गरोदरपणात झाली, म्हणून तिचं वेळेत कळलं. त्याची झाली ती दोन वर्षांनी, टीबी झाल्यावर. आणि घरात बोल कुणाला लागला? तिलाच. जिचा कागद आधी आला, तिनंच रोग आणला, असा आपला हिशेब!

खरं तर औषधाची उणीव राहिलेली नाही. आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत मिळू लागले. 2017 पासून तर निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच गोळ्या सुरू करायच्या, असं धोरण आहे. गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तरीही पुरुष मागेच. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये जगातल्या एचआयव्हीबाधित प्रौढ स्त्रियांपैकी 83 टक्के उपचार घेत होत्या, पुरुष 72 टक्केच.

यात दोष मासेमारीचा नाही की कुठल्या जातीचा नाही. रात्रीचं काम, सतत फिरती आणि दवाखान्याच्या वेळेशी न जुळणारा दिवस, हे खरं कारण. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आणि ट्रकवाल्यांचंही तेच. आफ्रिकेत युगांडातल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कोळ्यांच्या काही वस्त्यांत दहातल्या चार जणांना लागण होती. तिथे 2011 ते 2017 या काळात उपचार घेणाऱ्या बाधितांचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेलं. त्याला इतर उपायांचीही जोड होती. नव्या लागणी निम्म्याच्याही खाली आल्या. म्हणजे फिरतीवरच्या पुरुषांनाही उपचारात टिकवता येतं.

मैत्रिणींनो, आपण अशा बाईचं कौतुक करतो. "किती करते बाई नवऱ्याचं!" पण गोम इथंच आहे. ती गोळ्या आणते म्हणून तो डॉक्टरांसमोर जातच नाही. त्याचं वजन कोण बघणार? खोकला कोण ऐकणार? गोळ्या लागू पडतात की नाही, हे कळायला व्हायरल लोडची तपासणी लागते. त्यासाठी रक्त त्याचंच हवं, ते काही तिला पिशवीतून नेता येत नाही.

म्हणून सांगावंसं वाटतं, बायकोची गरोदरपणातली तपासणी होते त्याच दिवशी नवऱ्यानंही हात पुढे करावा. बाहेरगावी जाण्याआधी सेंटरला सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या सेंटरचा कागद मागावा. 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या कायद्यानं एचआयव्हीवरून नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आहे. सेंटरांनीही रात्रपाळीच्या माणसांसाठी एखादी सोयीची वेळ ठेवावी.

आणि आपण? "कुणी आणला?" हे विचारणं थांबवू या. त्याऐवजी "तुमच्या मालकांनी रक्त कधी तपासलं?" असं विचारू या.

परवा उतरताना मी तिला म्हटलं, "पुढच्या खेपेला त्यांना संगं आण."

"येतील का वो?" ती म्हणाली.

त्यांच्या पुऱ्या तिकिटाचे पैसे वाचवू नकोस, एवढंच मी तिला सांगितलं.