दीडपट म्हणजे किती?

मुलांनो, कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीचे ठोके ऐकलेत कधी? ठक्, ठक्, ठक्! ठोक्यागणिक भांडं थोडं थोडं घडत जातं. संगणकाच्या प्रोसेसरचंही तसंच आहे. त्याच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्याबरोबर काम पुढे सरकतं. 300 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तब्बल 30 कोटी ठोके! कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा हे ठोके वाढवायचे, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

यातला नावाजलेला गडी म्हणजे इंटेलचा 1998 सालचा सेलेरॉन 300ए. मदरबोर्डचा ठोका 66 मेगाहर्ट्झचा, त्याच्या साडेचारपट म्हणजे साधारण 300. साडेचार हा आकडा कारखान्यातच पक्का केलेला. मग हौशी मंडळींनी मदरबोर्डचाच ठोका 100 वर नेला. करा बरं गुणाकार!

माझ्या भाच्याने एका जुन्या संगणकावर हाच उद्योग केला. ‘‘मावशी, दीडपट वेग!’’

‘‘कशावरून?’’

पडद्यावर 450 दिसत होतं, एवढाच त्याचा पुरावा. मग आम्ही वही काढली. संगणकाला ‘पाय’चे अंक काढायला बसवलं. (पाय म्हणजे तंगडी नव्हे हं, परिघाला व्यासाने भागून येते ती संख्या.) बाकीचे कार्यक्रम बंद. आधी 300 वर तीनदा, मग 450 वर तीनदा. दीडपट वेग म्हणजे 9 मिनिटांचं काम 6 मिनिटांत, साडेचारात नव्हे. इथे पुष्कळजण फसतात. आमचा वेळ जवळजवळ त्या हिशेबानेच घटला. पण हार्ड डिस्कवर मोठी फाइल उतरवायला पूर्वीइतकाच वेळ! तिची तबकडी आपल्याच चालीने फिरणार ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र गंमत झाली. मे महिना, डोक्यावर पत्रा. काम झटक्यात संपलं, पण अंक कालच्या अंकांशी जुळेनात! ठोके वाढले की उष्णता वाढते. तापलेल्या प्रोसेसरचं एक पाऊल पुरं होण्याआधीच पुढचा ठोका पडतो, आणि उत्तर चुकतं. कधी संगणक जागीच थिजतो, कधी डिस्कवरची माहितीही बिघडते. म्हणून हा खेळ शाळेच्या किंवा बाबांच्या संगणकावर अजिबात नको.

भाच्याने डब्याचं झाकण काढलं, पंख्यावरची धूळ झाडली, समोर टेबलफॅन लावला. रात्री 450 वर सगळे अंक जुळले. दुपारी तो 300 वरच चालवतो. आणि वहीत आता वेळेशेजारी आणखी एक रकाना आखलाय: ‘उत्तर बरोबर आलं का?’