शाळेत एडिटिंग लॅब येतील, पण मुलांचा हात कुठे असेल?

१ फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा होती. इन्कम टॅक्सच्या चर्चेत ती कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल. देशातल्या १५,००० माध्यमिक शाळांमध्ये आणि ५०० कॉलेजांमध्ये कंटेंट क्रिएटर लॅब उभारायच्या, आणि त्यासाठी मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेला मदत द्यायची. अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्राला २०३० पर्यंत २० लाख माणसं लागतील, असा अंदाज त्यामागे आहे.

लॅब म्हटलं की कॉम्प्युटर किती आणि कुठले, यावर चर्चा सुरू होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलांचा हात कुठे असेल? नुसता माउसवर, की कीबोर्डवरसुद्धा?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेक जण एडिटिंग मोबाइलवर शिकलो. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, लगेच पुढच्या महिन्यात भारतात इन्स्टाग्राम रील्स सुरू झालं आणि अंगठ्याने कापाकापी करणारी एक पिढीच तयार झाली. ३० सेकंदांच्या रीलला अंगठा पुरतो. अर्ध्या तासाची मुलाखत कापून २ मिनिटांची करायची असेल, तर मात्र दम निघतो.

नेमका वेळ जातो कुठे?

माउसने एक नको असलेला तुकडा काढायचा म्हणजे काय काय करावं लागतं बघा. कापायचं टूल निवडा, क्लिक करा, परत साधं टूल घ्या, तुकडा निवडा, डिलीट करा, मधली रिकामी जागा बंद करा. झाल्या सहा पायऱ्या. अॅडोबी प्रीमियरमध्ये हेच काम एका बटणात होतं. क्यू दाबलं की आधीच्या कटपासून तुम्ही उभे आहात तिथपर्यंतचा भाग जातो आणि जागाही आपोआप बंद होते. डब्ल्यू दाबलं की तुमच्यापासून पुढच्या कटपर्यंतचा भाग जातो. नुसता काप द्यायचा असेल तर कंट्रोल + के.

समजा, माउसने एका कटला ८ सेकंद लागतात आणि बटणाने १. शंभर कट असतील तर ७०० सेकंद, म्हणजे जवळपास १२ मिनिटं वाचली. खरं सांगायचं तर हा आकडा फार मोठा नाही. माझ्या मते शॉर्टकटचा मोठा फायदा दुसरीकडे आहे. माउस वापरताना डोळे सारखे टूलबारकडे जातात. बोटांना बटणं पाठ असली की नजर चित्रावर राहते. बोलणाऱ्याने श्वास कुठे घेतला, वाक्य खरंच कुठे संपलं, हे तेव्हाच पकडता येतं. कोड लिहिताना माझा अनुभव हाच आहे. हात मेनू शोधायला लागला की डोक्यातला विचार तुटतो.

जे, के, एल: सगळ्यांची सामायिक भाषा

एवढ्या शॉर्टकटमधून सुरुवात कुठून करायची? तीन अक्षरांपासून. एलने व्हिडिओ पुढे चालतो, केने थांबतो, जेने मागे जातो. एल दोनदा दाबलं की वेग दुप्पट, म्हणजे अर्ध्या तासाची मुलाखत १५ मिनिटांत ऐकून होते. के दाबून ठेवून एलला टिचकी मारली की एकच फ्रेम पुढे. त्यांच्या वरच्याच ओळीत आय आणि ओ आहेत. हवा असलेला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते या दोघांनी ठरतं.

गंमत म्हणजे प्रीमियर, फायनल कट प्रो, दाविंची रिझॉल्व्ह, अॅविड या सगळ्यांत ही बटणं हेच काम करतात. कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडून बघा, तिथेही केने व्हिडिओ थांबतो, जे आणि एलने १० सेकंद मागेपुढे जातो. म्हणजे एकदा शिकलं की सॉफ्टवेअर बदललं तरी हात तोच. रिझॉल्व्हमध्ये तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रीमियरची मांडणी निवडता येते.

आणि एक बघा. टायपिंगच्या क्लासला उजव्या हाताची बोटं कुठे ठेवायला सांगतात? जे, के, एल आणि त्यांच्या शेजारच्या बटणावर. तालुक्याच्या गावी ३०-४० ची टायपिंगची परीक्षा दिलेल्या मुलामुलींकडे एडिटिंगची अर्धी तयारी आधीच आहे. त्यांना हे कुणी सांगत नाही, एवढंच.

एआय आल्यावर याची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. आता सॉफ्टवेअर बोलणं ऐकून मजकूर तयार करतं, त्यातली वाक्यं खोडली की व्हिडिओही कापला जातो. शांत जागा आपोआप काढणारी टूल्स आहेत. कच्चं काम ती करतील. पण कट जमलाय का, हे बघून ठरवायला माणूसच लागतो, आणि ते बघणं म्हणजे पुन्हा जे, के, एल. माझ्या ओळखीतले दोघे जण एडिटिंगवर घरखर्च चालवतात. त्यांना पैसे तासावर नाही, व्हिडिओच्या नगावर मिळतात. रोज दोनऐवजी तीन व्हिडिओ हातावेगळे झाले, तर त्यांच्या महिन्याच्या कमाईत फरक पडतो.

म्हणून या नव्या लॅबमध्ये पहिला आठवडा इफेक्ट्स आणि टेम्प्लेटवर घालवू नये, असं मला वाटतं. आधी हात बसवा. त्याला महागडं मशीन लागत नाही, रंगीत बटणांचा खास कीबोर्डही लागत नाही. रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते, आणि जे-के-एलचा सराव तर कॉलेजच्या साध्या कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडूनही होतो.

सुरुवात अशी करा

- पहिले तीन दिवस फक्त जे, के, एल. माउसने प्ले-पॉज करायचं नाही.
- पुढचे तीन दिवस आय आणि ओ.
- मग तुमच्या सॉफ्टवेअरमधली कापायची बटणं. प्रीमियर असेल तर क्यू, डब्ल्यू आणि कंट्रोल + के.
- मराठी टायपिंग चालू असेल तर एका अक्षराचे शॉर्टकट कधीकधी अडतात. विंडोज + स्पेस दाबून आधी इंग्रजी कीबोर्डवर या.

एका कागदावर ही आठ बटणं लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. कागदाकडे बघायची गरज संपली की तो काढून टाका आणि पुढची पाच लिहा.