झाडा मागण्याचा अधिकार

अथेन्सच्या नागरिकसभेत ज्यास मत देण्याचा हक्क नव्हता आणि त्या नगरात जमीनजुमला धारण करण्याची ज्यास कायद्याने मुभा नव्हती, अशा एका परक्या रहिवाशाने सामान्य नागरिकांच्या निर्णयशक्तीचे जे समर्थन लिहून ठेवले, त्याहून भारदस्त समर्थन प्राचीन ग्रीक वाङ्मयात आम्हांस तरी आढळलेले नाही. हा रहिवासी म्हणजे इ. स. पूर्व ३८४ मध्ये स्टॅगिरा येथे जन्मलेला ॲरिस्टॉटल, आणि तो ग्रंथ म्हणजे आठ भागांचे 'पॉलिटिक्स'.

त्याचे गुरू प्लेटो यांनी आदर्श नगर प्रज्ञेच्या बळावर उभारले. शिष्याने आधी दफ्तरे तपासली. त्याच्या विद्यालयाने १५८ राज्यव्यवस्थांची वर्णने जमविली, अशी प्राचीन नोंद आहे. त्यांपैकी अथेन्सचे वर्णन शतकानुशतके लुप्त होते. ते इजिप्तमध्ये, शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवून घेतलेले सापडले आणि १८९१ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले.

'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात तो एक अवघड आक्षेप विचारार्थ घेतो. वैद्याच्या उपचारांची परीक्षा वैद्यानेच करावी, मग राज्यकारभाराची परीक्षा त्या विद्येत निष्णात नसलेल्या जमावाकडे का सोपवावी? त्याचे उत्तर असे, की घर बरे की वाईट हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्यास अधिक कळते. आणि एकेकटे पाहिले असता साधारण वकुबाची असलेली माणसे एकत्र बसून विचार करू लागली, म्हणजे प्रत्येकाच्या ठायी असलेला विवेकाचा अंश परस्परांस मिळून त्यांचा निवाडा मूठभर श्रेष्ठांच्या निवाड्याहून सरस ठरू शकतो. म्हणूनच अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याने सामान्य जनांस श्रेष्ठ अधिकारपदे न देता अधिकारी निवडण्याचा आणि त्यांच्याकडून कारभाराचा झाडा घेण्याचा अखत्यार दिला, हे तो संमतीपूर्वक नमूद करतो. हे लिहिणारा लोकशाहीचा भक्त नव्हता. विकृत राज्यप्रकारांतच त्याने तिची गणना केली आहे. हे समर्थन प्रत्येक जनसमूहास लागू पडेलच असे नाही, हेही तो बजावतो. पक्षाभिमान बाजूस ठेवून दिलेली ही कबुली आहे, म्हणूनच आम्हांस ती मोलाची वाटते.

परंतु त्याच ग्रंथाचा पहिला भाग वाचताना मन व्यथित झाल्यावाचून राहत नाही. काही माणसे निसर्गतःच दास होत, असा सिद्धान्त तेथे मांडला आहे. युगधर्म म्हणून त्याकडे काणाडोळा करण्याची सवड स्वतः ग्रंथकारानेच ठेवलेली नाही. कारण दास्य हे निसर्गविरुद्ध आहे, केवळ रूढ कायद्याने निर्माण झाले आहे आणि जुलमावर आधारलेले असल्याने अन्याय्य आहे, असे म्हणणारे लोक त्या काळीही होते, याची नोंद त्याने स्वतः केली आहे. आक्षेप त्याच्या कानी आला होता. त्याने तो अव्हेरला. ज्याला घराची परीक्षा राहणाऱ्याच्या हाती द्यावीशी वाटली, त्याला दासाची साक्ष काढावीशी वाटली नाही. हा दोष ग्रंथाच्या समासातला नाही, पायातला आहे. आणि तरीही तिसऱ्या भागातील युक्तिवाद आम्ही टाकून देऊ इच्छीत नाही. उलट तो दासांपर्यंत, स्त्रियांपर्यंत, ज्या कारागिरांस त्याने उत्तम नगराच्या नागरिकत्वातून वगळले त्यांच्यापर्यंत नेणे, हेच त्याच्या वाचकांचे कर्तव्य आहे, असे आमचे निश्चित मत आहे.

घराची परीक्षा राहणाऱ्याने करावी, त्याच न्यायाने या दीपोत्सवात हा अंक आपल्या हाती देताना आमची विनंती एवढीच, की यातील मजकूर केवळ लेखकांच्या लौकिकावर विसंबून स्वीकारू नये. जे पटणार नाही ते सविस्तर लिहून कळवावे. आलेल्या पत्रांस पुढील अंकात जागा देण्यात येईल.